सारवलेली भिंत

नव्वदच्या दशकात मी भामरागडकडे हिवतापाच्या फवारणीवर होतो. चंद्रपुरात अब्बांचं शिलाईचं दुकान सोडून हा जंगलात भिंतींवर डीडीटी मारत फिरतो, म्हणून घरचे हसायचे. मला मात्र त्या कामाचं वेडच लागलं होतं. पावसाळ्यात नद्या फुगल्या की नदीकाठच्या एका गावाचं बेट व्हायचं. ना डॉक्टर येणार, ना औषध. त्याआधी भिंत न् भिंत फवारून काढायची. चावून भिंतीवर टेकलेला डास मेलाच पाहिजे!

एका वर्षी तिथली फवारणी संपली आणि आम्ही पंप घेऊन काठावर आलो. पाणी चढत होतं. आम्हाला न्यायला आलेल्या डोंग्यातून एक पोटुशी मुलगी उतरली, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. तिची पिशवी घेऊन मी घरापर्यंत सोडायला गेलो आणि दारातच थबकलो. तिची आई शेणमातीनं भिंत सारवत होती. कालच फवारलेली भिंत!

"बाई, हे काय करून राह्यल्या?" मी ओरडलोच.

"पोरगी येऊन राह्यली न भाऊ. तुमच्या औषधाचे पांढरे डाग कसे दिसत होते! सारं घर सारवून काढलं."

सगळं औषध शेणमातीखाली गाडलं गेलं होतं. मी कपाळावर हात मारला. मुलगी उंबऱ्यावरच बसली. "माय, मागच्या खेपेले तापानंच गेलं न माह्यं लेकरू," एवढंच म्हणाली. आईच्या हातातला शेणाचा गोळा खाली पडला.

"मंग मारा न परत!" बाई म्हणाली.

मारणार कसं? ओल्या भिंतीवरून औषध ओघळून जातं, आणि तिकडे डोंगेवाला हाका मारत होता. मी धावत काठावर गेलो, एक पंप आणि उरलेली पावडर उतरवून घेतली आणि सोबत्यांना म्हटलं, "तुम्ही निघा!" डोंगा गेला. आता मीही बेटावर अडकलो होतो. भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, अंगात नुसता उत्साह सळसळत होता.

घमेल्यांत निखारे भरून आम्ही भिंतींपाशी ठेवले. बाई डोळे चोळत फुंकर घालत राहिली. दिवस कलताना भिंती वाळल्या, तेव्हा नवीच अडचण समोर आली. आमच्या पंपाला दोन माणसं लागायची, एक दट्ट्या मारायला आणि दुसरा नळी धरायला.

"सांगा, कसा मारायचा," म्हणत बाईनं नाकाला पदर बांधला. काय दट्ट्या मारला तिनं! माझ्या हातात नळी उड्या मारत होती. शेजारच्या ओसरीवर बसलेली तिची मुलगी पोट धरून हसत होती.

पूर उतरण्याआधीच त्या घरात नात जन्मली. ताप ना आईला आला, ना बाळाला. मी तर आनंदानं गावभर सांगत सुटलो. बारशाला घर सारवायची रीत. बाईनं जमीन लख्ख सारवली आणि भिंतीपाशी हात थांबवला.

एका शेजारणीनं विचारलंच, "भिताड काऊन सोडलं वो? किती डाग दिसते!"

"दिसू दे," बाई म्हणाली. "माह्या नातीसाठी मी सोता पंप मारला. कोणी हात त लावून पाहा!"