अण्णा, दादानं स्वतः पाहिलंय

सकाळच्या पोस्टमध्ये माझी चूक झाली. फोन अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी नाही, अमेरिकेतल्या माझ्या दादानं कापला.

त्याच्या शेजाऱ्याला सरकारी माणसं उचलून घेऊन गेली, असं तो सांगत होता. अण्णा म्हणाले, "तिथला अध्यक्ष बराबर करून राह्यला. आपल्या चॅनलवर असलं काही न्हाई."

"अण्णा, मी डोळ्यानं पाह्यलं."

"मंग तूबी त्या विरोधवाल्यांचा झाला."

लहानपणी अण्णांनीच मला पेपर वाचायला शिकवलं. प्रत्येक बातमीला विचारायचे, "सांगणाऱ्यानं स्वतः पाह्यलं का?"

दादा आता फोन उचलत नाही. तो सुखरूप आहे का, तेही कळेना. जाफराबादेत बसून मी काय करू? अशा भांडणात तुमच्याकडे कोण आधी नमतं?

टीव्ही बंद करून अण्णांचाच प्रश्न मी अण्णांना विचारणार आहे. दादा दर रविवारी फोन करतो; येत्या रविवारी, त्याच्या फोनच्या वेळेआधीच विचारेन.