आतोबांचं चिनी गवत

विस्तव पोळतो की नाही हे बोट घालून पाहिल्याशिवाय न मानणारा साऱ्या निजामी मुलखात एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा होता. आतोबा भोकरदनच्या दवाखान्यात कंपौंडर होते. झाडपाल्याच्या औषधांना ते आधी सरसकट ‘पाचोळा’ म्हणत. पण हैदराबादहून येणाऱ्या एका उर्दू मासिकात त्यांनी वाचलं, की चिनी वैद्य पिढ्यान्‌पिढ्या दम्यावर जे माहुआंग नावाचं गवत देत आले, त्यातून डॉक्टरांनी प्रयोगशाळेत खरोखरच गुणकारी सत्त्व काढलं आहे, आणि आता त्या वैद्यांची बाकीची औषधंही तपासायला घेतली आहेत. त्या दिवसापासून आतोबा बदलले. “चिनी लोक तपासून राह्यले, मंग आपण काय झोपून राह्यलो?” असं म्हणत गावातला एकेक पाला ते स्वतःच उकळून पिऊ लागले आणि स्वतःची नाडी मोजून वहीत लिहू लागले. श्वासाचा जोर पाहायला त्यांनी दिव्याची युक्ती काढली. ओट्यावर दिवा ठेवायचा आणि किती पावलांवरून फुंकर मारून तो विझतो ते बघायचं. यातून घरी येणाऱ्या कुणाचीच सुटका नव्हती. त्यांच्या मुलीला पाहायला आलेल्या मंडळींत मुलाच्या वडिलांनाही त्यांनी चहाआधी फुंकर मारायला लावली. गृहस्थ लालबुंद झाले, दिवा काही विझला नाही आणि सोयरीक तिथंच मोडली. “घराण्यातच दम न्हाई,” आतोबा मला शांतपणे म्हणाले.

या खटाटोपाचं मूळ आत्याच्या छातीत होतं. तिचा दमा दरवर्षी जास्तच जोर धरत होता. शेवटी जडीबुटी विकणाऱ्या एका ओळखीच्या अत्ताराने मुंबईच्या चिनी व्यापाऱ्याकडून त्या गवताची एक जुडी मिळवून पाठवली. मात्रा किती, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आतोबांनी तीन दिवस स्वतः काढा घेतला. तिसऱ्या दिवशी त्यांचं काळीज असं धावलं, की भिंतीला धरून बसावं लागलं. “औषध असली हाये,” घाम पुसत ते म्हणाले, “म्हणूनच भ्या वाटतंय.”

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या खळ्यात तुरी झोडत होते. त्याचा भुस्सा घरात आला आणि भरदुपारी आत्या बसल्या जागी गुदमरली. तेव्हा मी हसनाबादच्या शाळेत मास्तर होतो आणि सुट्टीला त्यांच्याकडे आलो होतो. डॉक्टर दौऱ्यावर होते. आत्याचे ओठ निळे पडले, गळ्याच्या शिरा तटतटल्या. आतोबांनी काढा केला, अर्धी वाटी मोजली आणि तिला पाजली. मग तिचं मनगट धरून बसले. दम काही उतरेना. शेजारचे वृद्ध हकीमसाहेब दारातूनच ओरडले, “पूरा पिलाओ ना कंपौंडरसाब, क्या देखते बैठे?”

“अन् काळीज बंद पडलं तर?” आतोबांचा आवाज चिरकला.

आत्याने वाटीकडे हात केला. “द्या... की... अजून.”

“न्हाई. थांब जरा.”

“आतोबा, द्या हो!” मीही ओरडलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. तिच्या नाडीवर बोट ठेवून ते ओठांतल्या ओठांत मोजत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इतका लांबलेला वेळ मी आयुष्यात पुन्हा कधी काढला नाही. मग तिच्या छातीतली शिट्टी हळूहळू बारीक झाली. खांदे खाली आले. आत्याने भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. आम्ही सगळे घाबरलो. “मेले न्हाई मी,” ती पुटपुटली, “पाणी द्या.”

गावभर डंका वाजला. आतोबा मात्र खुलेनात. “एका खेपेनं काय सिद्ध होतंय? आपोआप बी उतरला असंल.” त्यांनी सगळी हकिकत त्या मासिकाच्या संपादकांना कळवली. महिन्याभराने उत्तर आलं. निरीक्षणं उत्तम आहेत, आता काही वेळा काढा न देता नुसतं पाणी द्यावं आणि फरक लिहावा, म्हणजे छापता येईल.

पुढच्या सुट्टीत आतोबांनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. “बराबर लिहिलंय त्यांनी,” म्हणाले, “बिलकुल बराबर. असंच तपासतेत.” त्यानंतर आत्याला तीनदा दम लागला. तिन्ही वेळा आतोबांनी काढाच दिला. तिसऱ्या खेपेला जुडी संपली. चीनमध्ये लढाई पेटली होती, दुसरी जुडी मिळाली नाही.

मग एके सकाळी त्यांनी संपादकांना कार्ड लिहिलं आणि पोस्टात टाकायला माझ्या हाती दिलं. उर्दूत दोनच ओळी होत्या. ‘प्रयोग पुरा होऊ शकला नाही. रोगी माझी पत्नी आहे.’

पोस्टाकडे जाताना मी मागे वळून पाहिलं. आत्या ओसरीवर ऊन खात बसली होती आणि आतोबा तिच्या जरा अलीकडे, काही न करता, नुसते तिचा श्वास ऐकत उभे होते.