मोम्बासा की दार-एस-सलाम

आखातातल्या मीना सलमान बंदरातला वर्कशॉप बंद होणार, ही बातमी नवऱ्यानं बूट काढता काढता सांगितली. जहाजांवरच्या कोल्ड स्टोरेजची यंत्रं दुरुस्त करायचं त्याचं काम. मालकाच्या आफ्रिकेत दोन शाखा होत्या, एक केनियात मोम्बासाला, दुसरी टांझानियात दार-एस-सलामला. दोन्हीकडे माणूस हवा होता. कुठं जायचं ते महिनाअखेरीपर्यंत सांगायचं होतं.

"अकोल्याले वापस गेलो तर?" मी विचारलं.

"तिथं कोठची जहाजं?" तो म्हणाला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

त्या दिवसापासून घरात कुणाचं बूड टेकेना. तो पेपर उघडायचा नि मिटायचा. मी धुतलेली भांडी पुन्हा धुवायला काढायची. बाहेर ऑगस्टची दमट हवा, त्यामुळे जुफैरच्या आमच्या फ्लॅटमधून पाय मोकळे करायलाही जाता येत नव्हतं. मुलगी ईसा टाउनच्या शाळेत जायची. तिला सगळं समजावून सांगितलं, तर एवढंच म्हणाली, "विल आय हॅव टु मेक न्यू फ्रेंड्स अगेन?" आणि टीव्हीकडे वळली.

ओळखीतल्या प्रत्येकाला आफ्रिकेबद्दल मत होतं आणि गेलेलं कुणीच नव्हतं. अपवाद एक. नवऱ्याच्या वर्कशॉपमधले क्लार्क, रत्नागिरीकडचे मुसलमान गृहस्थ, तरुणपणी दारला नोकरीला होते. त्यांची बायको तर जन्मली, वाढली मोम्बासात. त्यांनी आम्हाला शुक्रवारी, नमाजानंतर जेवायला बोलावलं.

भाभींनी भाताबरोबर एक कंद तळून ठेवला होता, वरून तिखट आणि लिंबू. साबुदाणा ज्याचा करतात तोच हा कंद, त्या म्हणाल्या. मोम्बासाच्या रस्त्यावर मिळायचा. पहिला घास घेतला तोच भाईसाहेबांनी सुरुवात केली.

"दारला जा. माणसं थंड डोक्याची आहेत तिथली. रस्त्यात कुणी भेटला तर घरची, पोरांची, तब्येतीची सगळी चौकशी करील, मग कामाचं बोलील."

"आणि लाइट?" भाभींनी विचारलं. "लाइट कोण देईल? तुम्हीच सांगायचात ना, पंखा बंद पडला म्हणून चटई घेऊन गच्चीवर जायचो. बाय, तू मोम्बासाला जा. शाळा चांगल्या, डॉक्टर चांगले, दुकानात मागशील ते मिळतं."

"दुकानात मिळतं, नळाला पाणी नाही मिळत. आणि खिडकीला लोखंडी जाळी, जाळीच्या आत दुसरी जाळी. तुझा बाप अंधार पडायच्या आत दुकान बंद करायचा, ते का सांगत नाहीस?"

त्यांचं भांडण रंगात आलं की ते स्वाहिलीत शिरायचे. आम्ही एकदा यांच्या तोंडाकडे, एकदा त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. नवऱ्याचा गुडघा टेबलाखाली सारखा हलत होता.

मी ताटं घेऊन भाभींच्या मागं स्वयंपाकघरात गेले. मला विचारायचं होतं ते पुरुषांसमोर विचारता आलं नसतं.

"भाभी, तिथले आपले लोक कसे आहेत?"

त्यांना कळलं. आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईनं हॉलमधला बुद्ध पाहिल्यापासून मला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"प्रत्येक समाजाचा लग्नाकार्याला आपापला हॉल," त्या म्हणाल्या. "पहिल्या भेटीत विचारतात, तुमचा समाज कोणता. दारलाही तसंच असणार." मग त्यांनी नळ बंद केला. "माझे वडील वारले तेव्हा आमच्या समाजानं सगळं केलं. आईला चूल पेटवू दिली नाही. पुढं बहिणीनं समाजाबाहेर लग्न केलं. तीच माणसं. तिच्या पोराच्या बारशाला एकजण आला नाही. आईला बहिणीकडे जायचं तर चोरून जायला लागायचं. मी लग्न करून निघाले, ती परत गेले नाही."

"मग मला मोम्बासाला जा का म्हणता?"

त्यांनी चहाचं भांडं विसळलं. "कुणीतरी आपल्या गावाला जावं असं वाटतं गो," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला लागल्या.

टॅक्सीत मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. टॅक्सीवाल्याला कळू नये म्हणून हळू बोलत होते, खरं तर त्याला मराठी येत नव्हतं.

"म्हणजे दोन्हीकडं सारखंच," तो म्हणाला.

"तसं असंन तर जिथं रस्त्यावरचा माणूस चौकशी करते तिथं जाऊ."

"लाइटचं काय?"

"कंदिलात शिकलो ना आपन."

घरी पोचेपर्यंत दार ठरलं. सकाळी उठल्यावर तो म्हणाला, पोरीच्या शाळेसाठी मोम्बासाच बरं. दुपारी मला ते पटलं, तर संध्याकाळी त्याला पटेना. असे आम्ही महिना संपेपर्यंत इकडून तिकडे हेलकावे खात राहिलो. शेवटी एक दिवस तो कामावरून आला आणि दारातूनच म्हणाला, "दार सांगून आलो. खलास." मला हायसं वाटायला हवं होतं. मी आत जाऊन कपाट उपसलं आणि सगळे कपडे पुन्हा घड्या घालून ठेवले.

तो आधी गेला, मुलीची परीक्षा झाल्यावर आम्ही. पोचलो त्या दुपारी लाइट नव्हतीच. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बाईंनी जिन्यातच विचारलं, समाज कोणता. "बौद्ध," मी म्हणाले. "श्रीलंकेचे का?" "नाही, अकोल्याचे." त्या गोंधळल्या, पण संध्याकाळी लोणचं पाठवलं. खालच्या मजल्यावर तिथल्याच एक शिक्षिका राहायच्या. त्यांची चौकशी भाईसाहेबांनी सांगितली तशीच लांबलचक, आणि त्यात अकोल्याच्या माझ्या आईचाही नंबर लागायचा. मुलीला दोन मैत्रिणी त्यांच्याच घरात मिळाल्या.

नवऱ्याला कामासाठी मधूनमधून मोम्बासाला पाठवायचे. परत आला की मी विचारायची, कसं आहे?

"दुकानं मस्त आहेत," तो म्हणायचा. मग अंघोळ करायचा, जेवायचा, आणि हात पुसता पुसता म्हणायचा, "तिकडंच जाले पाह्यजे होतं आपन."

एकदा मी खरंच म्हटलं, चला मग, बदली मागा. तो खाली शिक्षिकाबाईंच्या ओट्यावर गप्पा मारायला निघून गेला.