कांद्याच्या वासाची व्हॅन

आमच्या घरात गाडी घ्यायची म्हटली की बायकांच्या वाट्याला एकच काम येतं, औक्षणाचं ताट तयार ठेवणं. गाडी कुणाच्या का कामाची असेना. ही व्हॅन तर माझ्याच डब्यांसाठी घ्यायची होती. सातपूरच्या एका कारखान्याने कामगारांच्या जेवणाचं काम मला देऊ केलं होतं. अट एवढीच की एक तारखेपासून डबे स्वतःच्या गाडीने वेळेत पोचले पाहिजेत. रिक्षावाल्याच्या भरवशावर मी आधीच एक काम घालवून बसले होते. हेही गेलं असतं तर पुन्हा कुणी विचारलं नसतं.

जुन्या गाड्या बघायला अर्थातच मोठे दीर पुढे झाले. गाड्यांतलं त्यांना सगळं कळतं, असा त्यांचा स्वतःचा समज आहे आणि माझ्या नवऱ्याचाही. कळतं म्हणजे काय, तर टायरला लाथ मारायची, बॉनेट उघडून नुसतं ‘हं’ म्हणायचं आणि नंबरप्लेटवरच्या आकड्यांची बेरीज करायची. शिवाय धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त. मी समोर उभी असले तरी नवऱ्याकडे बघून “हिला सांग” म्हणतात. पूर्वी मला याचा राग यायचा. आता कीव येते.

पहिली व्हॅन विंचूरला एका कांदा व्यापाऱ्याकडे पाहिली. रंग उडालेला, मागची सीट काढून टाकलेली, आणि दार उघडलं की कांद्याचा वास थेट नाकात. पण मागे सपाट, मोकळी जागा होती. मी आत चढले, हाताने माप घेतलं, डब्यांचे क्रेट एकावर एक बसतील याची खात्री केली. मग पुढे बसून क्लचला पाय पोचतो का तेही पाहिलं. हीच घेऊ, मी म्हटलं. दिरांनी बेरीज केली, ती आठ आली. आठ म्हणजे शनी, विषय संपला. वर म्हणे जेवणाला कांद्याचा वास लागेल. रोज सकाळी उठून मी पाटीभर कांदा चिरते तो काय देवाला वाहते का, असं अगदी ओठावर आलं होतं.

दुसरी व्हॅन पंचवटीतल्या डीलरकडची. ती बघायला मला नेलंच नाही. रविवारी सकाळी तिथूनच नवऱ्याचा फोन आला आणि मागून दिरांचा आवाज, “हिला सांग, ताट करून ठेव. लय भारी गाडी हे. बेरीज नऊ.” थोड्या वेळाने झेंडूचा हार घातलेली पांढरीशुभ्र व्हॅन दारात उभी राहिली. नवे सीटकव्हर, वर सीएनजी. दिरांनी स्वतःच्या खिशातून इसारही देऊन टाकला होता. दोघे भाऊ बॉनेटला टेकून असे उभे होते की जसा काही गडच सर केला.

मी निरांजन लावलेलं ताट घेऊन खाली आले. ओवाळण्याआधी नवऱ्याला म्हटलं, एक रिकामा क्रेट आण. त्याने आणला आणि मागचं दार उघडलं. दाराशीच सीएनजीची टाकी आडवी बसवलेली. मागची सगळी जागा तिनेच खाल्ली होती. त्याने क्रेट उभा घालून पाहिला, आडवा, तिरका. घामाघूम झाला. दिरांनी त्याला सांगितलं, सीटवर ठेवा, नाहीतर दोन फेऱ्या मारा. कोण मारणार फेऱ्या? दुपारी नवरा कंपनीत मशीनवर असतो आणि दीर पंख्याखाली घोरत असतात. गाडी शिकून लायसन्स काढलं ते मी. ती गोष्ट या दोन शहाण्यांच्या गावीच नव्हती.

“मी हिला ओवाळणार नाही,” मी थेट दिरांकडे बघून म्हटलं. ताट पायरीवर ठेवलं आणि पोळ्या लाटायला वर गेले.

औक्षण झाल्याशिवाय गाडी घरात घ्यायची नाही, हा नियम दिरांचाच, आणि आता घरात ओवाळणारी बाई मी एकटीच. तो मोडायची त्यांची छाती नव्हती. व्हॅन दुपारी परत गेली. इसार बुडाला, ज्याने दिला त्याचा बुडाला.

विंचूरला मी स्वतः फोन केला. आलेली व्हॅन सोड्याने घासली, लिंबाने घासली. वास काही गेला नाही, न जावो. एक तारखेला सकाळी डबे भरले, चाकांखाली लिंबं ठेवली. नवऱ्याने सवयीने किल्लीसाठी हात पुढे केला. मी त्याच्या हातात क्रेट दिला आणि औक्षणाचं ताट दिरांच्या हातात.

“गाडी मी चालवणार आहे,” मी म्हटलं. “तेव्हा ओवाळायचं तुम्ही.”

मी स्टिअरिंगवर बसले. दीर ताट धरून काचेसमोर अवघडून उभे राहिले. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो मागे क्रेट चढवत होता. मग इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कुणीच नव्हतं. शेवटी माझ्याकडे पाहून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी थेट मला विचारलं, “कुठून सुरू करायचं असतं? मला नाय येत हे.”

मी काच खाली केली आणि त्यांना सांगितलं.