निर्गुडीचं तेल, माझी कंबर

कुणी निर्गुडीच्या तेलाची स्तुती करू लागलं की माझं डोकं आजही फिरतं. तेल वाईट होतं असं नाही. चांगलं होतं, म्हणून तर राग.

लग्न होऊन मी तंजावरहून कुंभकोणमला आले, तेव्हा इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. माहेर आणि सासर दोन्ही मराठी, तंजावरच्या मराठा राजांच्या काळात तिकडे गेलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. सासरे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांचे पणजोबा तंजावरच्या दरबारात वैद्य होते, आणि ही गोष्ट ऐकवल्याशिवाय सासऱ्यांना रोग्याची नाडी सापडत नसे. ते एकच औषध करत, कंबरेच्या दुखण्याचं. निर्गुडीचा पाला, ओली हळद, आलं आणि एरंडाचं मूळ तिळाच्या तेलात आटवायचं. सगळं फुकट वाटायचं. गावात त्यांना फार मान होता.

तिरुभुवनमचे रेशमाचे विणकर येत. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, त्यांच्या पाठी चाळिशीतच जात. उत्सवात देवाची वाहनं खांद्यावर वाहणारे येत. कचेरीतले कारकून येत. पुढच्या खोलीत एक सागवानी फळी होती, तिच्यावर सासरे रोग्याला पालथं निजवत आणि मास्तरकीच्या सवयीनं समजावून सांगत, "दोन मणक्यांच्या मध्ये देवानं गादी ठेवली आहे. ती सुकते, दबते. मग तिथं सूज येते आणि पायात जाणारी शीर चेपते. पाला ती सूज उतरवील. पण पडून राहिल्याशिवाय कुठल्याही पाल्याचा उपयोग नाही."

त्यांचं हे बोलणं मला पाठ झालं होतं, कारण त्याच वेळी मी मागच्या अंगणात उकिडवी बसून पाला वाटत असे.

कावेरीकाठच्या झुडपांचा पाला पोत्यानं येई. सकाळची कॉफी, मग पाणी, मग स्वयंपाक, आणि सगळ्यांची ताटं उचलली की पाटा-वरवंटा. आधी सासूबाई वाटत. मी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही. वरवंटा माझ्या हातात आला, एवढंच. ओल्या पाल्याचा रस निघेपर्यंत कंबरेत वाकून रेटत राहायचं. हात हिरवे, नखं पिवळी. संध्याकाळी उभी राहताना मी भिंत धरू लागले, तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांची होते.

माघाच्या सुमारास येणाऱ्या तमिळ माशी महिन्यातला उत्सव आला. वाहनं वाहणाऱ्यांसाठी जास्तीचं तेल करायचं होतं. चुलीवरची काशाची मोठी उरुळी, तिकडचं पसरट जड भांडं, तेलानं भरलेली. ती उतरवायला दोघी लागत. सासूबाई देवळात गेल्या होत्या आणि सासरे पुढून ओरडले, "सूनबाई, तेल करपेल! उतरव लवकर!" मी फडकी घेतली आणि एकटीनं ती उचलली. उरुळी खाली टेकली आणि कंबरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. तिथून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत तापलेली सळई फिरवावी तशी कळ गेली. मी तिथंच गुडघ्यांवर बसले. सासरे आत आले ते आधी उरुळीपाशी गेले. तेल सांडलं नाही ना, ते त्यांनी पाहिलं.

"मामंजी, मला उठता येत नाही," मी म्हणाले.

"चमक भरली असेल. तुझ्या वयात कसली आली आहे कंबर?"

दोन दिवस मी निजून काढले. सासूबाईंनी तेल चोळलं. तिसऱ्या दिवशी अंगणात पाल्याचं पोतं येऊन पडलं आणि मी पुन्हा पाट्यावर बसले. रात्री यजमानांना म्हटलं, "तुम्ही त्यांना सांगा. माझा पाय बधिर होतो आहे." ते शाळेत मास्तर, वडिलांच्याच शाळेत. म्हणाले, "बाबांना कसं सांगू? लोकांचे आशीर्वाद मिळताहेत. थोडं सोस." मला वाटलं होतं, निदान हा माणूस तरी माझा आहे. त्या दिवशी सासऱ्यांपेक्षा त्यांचा राग जास्त आला.

मी स्वतः सासऱ्यांना सांगून पाहिलं. एकदा जेवण वाढताना, एकदा तुळशीपाशी. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बायकांच्या कंबरा दुखतातच." जणू बायकांच्या मणक्यांत देव गादी ठेवायला विसरला होता.

मग एके सकाळी तिरुभुवनमचा एक विणकर आला. अंगणात मला त्यांचं सगळं बोलणं ऐकू येत होतं. कळ डाव्या पायात. अंगठा बधिर. शिंकलं तरी कंबरेत वीज. माझंच दुखणं तो आपल्या तोंडानं सांगत होता. आणि सासरे त्याला मायेनं म्हणाले, "दीड महिना फळीवर निजायचं. माग बंद. पाण्याची घागर उचलायची नाही. उकिडवं तर मुळीच बसायचं नाही. ऐकलं नाहीस तर पाय जाईल."

माझ्या हातात वरवंटा होता. तो मी खाली ठेवला. भिंत धरून उठले आणि पाय ओढत, हिरव्या हातांनी पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. आणि मी तमिळमध्ये बोलले. मुद्दाम. त्या माणसाला प्रत्येक शब्द कळावा म्हणून.

"वैद्यांना विचारा," मी विणकराला म्हणाले, "हे तेल कोण करतं? मी करते. उकिडवी बसून. मलाही डाव्या पायातच कळ आहे, माझाही अंगठा बधिर आहे. मला कुणी फळी दिली नाही. तुमचा पाय जाऊ नये म्हणून माझा चालला आहे."

विणकर फळीवरून उठून बसला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग तेलाची बाटली उचलली, मला हात जोडले आणि निघून गेला. बाटली घेऊनच गेला.

सासरे मराठीत म्हणाले, "घराची अब्रू परक्या भाषेत वेशीवर टांगलीस?"

"आपल्या भाषेत सांगून पाहिलं होतं, मामंजी. तुम्हाला कळली नाही."

एवढं बोलून मी त्याच फळीवर निजले. रोग्यांच्या फळीवर, रस्त्यावरून दिसेल अशी. ते "आत जा" म्हणाले. मी हलले नाही. भीती वाटत होती, पण कळ भीतीहून मोठी होती. दुपारी यजमान आले, दारात थबकले आणि चप्पल हातात घेऊनच उभे राहिले. शेवटी सासूबाई बाहेर आल्या. माझ्या डोक्याखाली उशी सरकवली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाला मीही वाटणार नाही. मलाही कंबर आहे. तीस वर्षं तुम्ही एकदाही विचारलं नाही."

यजमानांनी ती फळी आतल्या खोलीत नेली. मी पडून राहिले. सासूबाई वाफवलेल्या निर्गुडीच्या पाल्याची पुरचुंडी शेकायला देत, आणि खोटं कशाला बोलू, आठवड्याभरात आग कमी झाली, झोप लागू लागली. पाल्यात गुण होता. बाहेर अंगणात सासरे स्वतः पाट्यावर बसू लागले. चार दिवसांत त्यांनी ते सोडलं. त्यानंतर तेल फारसं झालंच नाही. जे झालं, ते मजुरीच्या बाईनं उखळात उभ्यानं कुटलेल्या पाल्याचं.

पुढं तंजावरच्या मोठ्या दवाखान्यात माझ्या कंबरेचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरांनी काच उजेडात धरून दाखवलं, इतर मणक्यांमध्ये फट होती आणि खालच्या दोन मणक्यांमध्ये जवळजवळ नव्हतीच. "ही गादी आता भरून येत नाही," ते म्हणाले. "सूज उतरेल, दुखणं कमी होईल. पण झिजलं ते झिजलं." यजमान शेजारी उभे होते. त्या दिवसापासून घरचं पाणी त्यांनी भरलं, कायमचं. लोक हसले तरी भरलं.

सासऱ्यांनी मला पुन्हा वरवंटा दिला नाही. क्षमाही मागितली नाही. उलट काही वर्षांनी रोग्यांना सांगताना ऐकलं, "माझ्या सुनेला ह्याच तेलानं उभं केलं." मी लगेच बाहेर गेले आणि म्हणाले, "तेलानं सूज उतरली. उभी राहिले ती पडून राहिल्यामुळे. आणि पडले ती तेल करण्यामुळे." त्यानंतर मी घरात असताना ते माझं उदाहरण देत नसत. मी बाहेर गेले की देत, हे शेजारणी सांगत.

मला मुलगी झाली. तिला जमिनीवरून उचलून घेणं मला कधी जमलं नाही. ती रांगत यायची, माझ्या पायांना धरून हात वर करायची, आणि मी सासूबाईंना हाक मारायची, तिला उचलून माझ्या मांडीवर द्या म्हणून. गावात कितीतरी माणसं त्या तेलानं बरी होऊन आपापली पोरं खांद्यावर घेऊन देवळात जात होती. मला त्यांचा आनंद व्हायला हवा होता, असं सगळे म्हणत. मला झाला नाही.