अकरा पाठी आणि माझे शेरे

चहा आधी संपवा, मग सांगते. ऐकताना अंगावर सांडलात तर मलाच नावं ठेवाल.

तुम्हाला माहीतच आहे, खांदा कॉलनीत माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. मागच्या वर्षी मी कापड कापायचं मशीन घेतलं. कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं, मशीन तसंच्या तसं कापून देतं. वीस वर्षं कात्री चालवणाऱ्या आमच्या सुषमाताई त्याच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तशा बघायच्या. पण मी तीन दिवसांचा ऑनलाइन क्लास केला होता ना! मला कोण अडवणार?

त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रेघेच्या, प्रत्येक अक्षराच्या प्रॉपर्टीज असतात. रंग, जाडी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मशीनने तिथे कापायचं की नुसतं लिहायचं. कापायचं असेल तर पातं, लिहायचं असेल तर खडूचं पेन. ह्या सोयीचा मी भलताच फायदा घेतला. पाठीच्या तुकड्यावर, कापडाच्या उलट बाजूला, सुषमाताईंसाठी गिऱ्हाइकाबद्दल चार शब्द लिहून ठेवायचे. शिवून झालं की ब्रशने पुसून टाकायचे. गिऱ्हाइकाला पत्ता नाही!

अशात पनवेलजवळच्या गावातल्या मंदाकाकी आल्या. मुलाची हळद, घरातल्या अकरा जणींना एकसारखे ब्लाउज. खास रंगवून आणलेलं पिवळं रेशमी कापड त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

"बाय, असा कापड परत मिलनार नाय हां. नीट काप."

"काकी, आता मशीन कापतं. चूक होणारच नाही."

बोलायची काय गरज होती, सांगा बरं!

कापायच्या दिवशी सकाळी बघते, तर बाहीची रेघ चुकून 'लिहा'वर राहिलेली. मी प्रॉपर्टीज उघडल्या आणि 'कापा' केलं. फक्त आदल्या दिवशी 'सगळं निवडा'वर केलेली खूण तशीच होती, ती काढायचं डोक्यातच आलं नाही. मशीन सुरू केलं आणि शेजारी इडली खायला गेले.

परत आले तर सुषमाताई डोक्याला हात लावून बसलेल्या. अकराही पाठींना भोकं! साधी नाहीत हो, वाचता येणारी भोकं! बाहीबरोबर माझे खडूचे शेरेही 'कापा'वर गेले होते. पहिल्या पाठीवर, 'काकी श्वास रोखून माप देतात.' दुसरीवर, 'बारीक होणार म्हणते. होणार नाही.' तिसरीवर, 'सैल ठेवा, लग्नाची जेवणं बाकी आहेत.'

हळद चार दिवसांवर, कापड संपलेलं आणि तेवढ्यात दारात मंदाकाकी! सोबत नणंद आणि थोरली सून.

"झाला का गो काम?"

मी तुकडे पाठीमागे लपवले. सुनेने त्यातला एक ओढला, उजेडात धरला आणि मोठ्याने वाचला. पहिलाच, काकींचा!

"कोन श्वास रोखतंय?" काकींनी विचारलं.

मला रडूच फुटलं. बाईने विश्वासाने कापड दिलं होतं, मुलाची हळद होती आणि मी हे करून ठेवलं! "काकी, माफ करा," एवढंच कसंबसं म्हटलं.

काकींनी माझ्याकडे बघितलं, तुकड्याकडे बघितलं आणि पोट धरून हसायला लागल्या. "रडतेस कशाला? रोखतेच मी श्वास! पन पावन्यांना वाचायला नको. जाली लाव हिरवी, पाठीला खिडकी कर."

"अकराही जणींना?"

"मग? एकसारखाच पायजे ना!"

चार दिवस सुषमाताईंनी आणि मी मान वर केली नाही. गोल खिडक्या कापल्या, त्याही कात्रीने! जाळी इतकी शोभली की काकींनी मला हुकूमच सोडला, "हलदीला तू पन आमच्यासारखीच नटून ये."

मी धावत जाऊन तसंच मिळतंजुळतं पिवळं कापड आणलं, माझं माप लिहिलं आणि सगळं सुषमाताईंच्या हवाली केलं. प्रॉपर्टीज एव्हाना त्या माझ्यापेक्षा नीट शिकल्या होत्या. कापायचं तेवढंच कापलं, लिहायचं तेवढंच लिहिलं.

हळदीच्या दिवशी ब्लाउज घालायला काढला, तर आतल्या बाजूला खडूची अक्षरं. ब्रश मारायचा राहिला होता बहुतेक.

'मॅडमनी स्वतःचं माप छत्तीस लिहिलंय. चाळीसवर कापलाय. बोलू नये.'

असा संताप आला म्हणून सांगू! तणतणतच ब्लाउज अंगात घातला.

चाळीसचाही शेवटचा हूक लागेना.