शवासनाची कॅसेट

परभणीला मुलींच्या शाळेत मी नवीनच शिकवायला लागले होते. आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, सकाळी शाळेच्या हॉलमध्ये बायकांचा योगवर्ग घ्यायच्या. शेवटी शवासनाला भजनाची कॅसेट लावायच्या. पण तबला सुरू झाला की सतरंजीवर आडव्या झालेल्या बायकांची बोटं ठेका धरायचीच.

"अगं, अंग सैल सोडायचंय, ताल नाही धरायचा!" बाई वैतागायच्या.

माझे वडील, आमचे दादा, पिंगळीजवळच्या शेतात पाणी देताना देवाचं नाव संथ घोळवत गायचे. त्याला ठेका नसायचा, म्हणून एका रविवारी ते भरून आणायला मी बाईंचा टेपरेकॉर्डर घेऊन गावी गेले. तो समोर ठेवताच दादा घसा खाकरून, टोपी नीट करून, सभेत उभं राहिल्यासारखे गायला लागले.

"असं नका, दादा. रोजच्यासारखं म्हणा."

"रोज कसं म्हणतो, मला काय ठाव?"

शेवटी टेप चालू करून पाटाच्या कडेला बाभळीखाली ठेवला आणि मी घरी मायकडं निघून गेले. परत आले तर कॅसेट भरली होती. पाण्याची खळखळ, बाभळीवरच्या होल्यांचं घुमणं, चिखलात पडणारं खोरं आणि मधूनमधून दादांचं नाम.

दुसऱ्या दिवशी ती लावली. एकही बोट हललं नाही. मध्येच दादा बैलावर ओरडले, "हो हो, तिकडं कुठं चाललास!" तेव्हा दोघीतिघी फिसकन हसल्या. पुढं त्याचीही सवय झाली.

नंतर दादा डोळे दाखवायला परभणीला आले, तेव्हा त्यांना वर्गाला नेलं. बायकांत नको म्हणून ते बाहेर पायरीवर बसले. आतून स्वतःचाच आवाज आला, तशी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ह्या समद्या निजल्यात का?"

"निजल्या न्हाईत, दादा. ऐकायल्यात."

एसटीत चढताना ते म्हणाले, "बैलाला वरडलो, तेवढं काढून टाक माय."

तीनचार वर्षांत फीत झिजली. पुन्हा भरायला गेले, तर पाटाला पाणी येईनासं झालं होतं आणि विहिरीवर मोटार धडधडत होती. दादांनी ती बंद केली, तसं पाणीही थांबलं. मग ते बांधावर बसून, रिकाम्या हातांनी, सलग गायले. मी शेजारी बसले होते. इतका वेळ काम न करता बसलेले दादा मी कधी पाहिले नव्हते.

मोठ्या बाईंना ती नवी कॅसेट रुचली नाही, त्यांना पाणी हवं होतं. म्हणून ती माझ्याकडेच राहिली.